शिबिरापलीकडे : प्रशिक्षणार्थी नेत्रतज्ज्ञांची समाजसेवा आणि सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण – एक चिकित्सा

सारांश

नेत्रशल्यशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना समाजसेवेची संधी प्रामुख्याने नेत्रशिबिरांतून मिळत आली आहे. २०२० नंतर 'जिल्हा निवासी कार्यक्रम' या रूपाने तीन महिन्यांची सक्तीची संधीही त्यांना उपलब्ध झाली. या दोन्ही संधींची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. शिबिराने विद्यार्थ्याला रुग्ण दिले, परंतु समाज दाखविला नाही. शस्त्रक्रियेची संख्या हेच सेवेचे माप ठरल्यामुळे न आलेला रुग्ण आणि शस्त्रक्रियेनंतर परत गेलेला रुग्ण हे दोघेही त्याच्या शिक्षणाबाहेर राहिले, असे प्रतिपादन येथे केले आहे. जिल्हा निवासाच्या काळात ही उणीव कशी भरून काढता येईल, याचीही मांडणी केली आहे.

बीजसंज्ञा : सामुदायिक नेत्रचिकित्सा, नेत्रशिबिर, जिल्हा निवासी कार्यक्रम, मोतीबिंदू, टाळता येण्याजोगे अंधत्व.

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात 'नेत्रशिबिर' हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. शाळेच्या पटांगणातील मांडव, हातात केसपेपर घेऊन ओळीने बसलेली वृद्ध माणसे, शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्यांना रुग्णालयात घेऊन जाणारी गाडी आणि दोन-तीन दिवसांनी काळा चष्मा लावून घरी परतलेली आजी, हे चित्र गावोगावी परिचयाचे आहे. या मांडवात बॅटरीच्या उजेडात डोळे तपासणारा तरुण डॉक्टर पुष्कळदा नेत्रशल्यशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी असतो. त्याने किती डोळे तपासले आणि त्यांतील किती शस्त्रक्रियेसाठी निवडले, हे शिबिराच्या अहवालात नोंदले जाते. त्या दिवशी तो काय शिकला, हा प्रश्न मात्र अहवालात नसतो आणि अभ्यासक्रमाच्या चर्चेतही क्वचितच उपस्थित होतो.

हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नाही. भारतातील अंधत्वाचा फार मोठा भाग टाळता येण्याजोगा किंवा उपचाराने दूर होणारा आहे. ते दूर करण्याची विद्या उपलब्ध आहे आणि ती जाणणारे तज्ज्ञही तयार होत आहेत. असे असताना अंधत्व का उरते, याचे उत्तर शस्त्रक्रियागृहात सापडत नाही. ते घर, बाजार, शेत, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालय यांच्यामधल्या वाटेवर शोधावे लागते. ही वाट विद्यार्थीदशेत कधीच न चाललेला तज्ज्ञ पुढे शहरात व्यवसाय करताना ती चालेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. म्हणून प्रशिक्षणकाळातील समाजसेवा ही विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्राची शोभा आहे की त्याच्या शिक्षणाचा गाभा आहे, याचा निर्णय होणे आवश्यक ठरते.

शिबिराची परंपरा आणि तिचा वारसा

नेत्रशिबिराची परंपरा शासकीय कार्यक्रमाहून जुनी आहे. पंजाबातील मोगा येथे डॉ. मथुरादास पाहवा यांनी आणि पुढे कर्नाटकात डॉ. मुरुगप्पा चन्नवीरप्पा मोदी यांनी फिरत्या शस्त्रक्रियेची जी पद्धत रुजविली, तिने रुग्णालयापर्यंत कधीही न पोहोचलेल्या माणसांना दृष्टी दिली. डॉ. मोदी यांना १९६८ मध्ये पद्मभूषण देण्यात आले. महाराष्ट्रात डॉ. तात्याराव लहाने यांनी आनंदवनासारख्या ठिकाणी घेतलेल्या शिबिरांनी हीच परंपरा पुढे नेली. त्यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या काळात जिल्ह्याच्या ठिकाणीही नेत्रशल्यचिकित्सक दुर्मीळ होता, त्या काळात शिबिराला पर्याय नव्हता. या परंपरेचे ऋण मान्य केल्याशिवाय तिची चिकित्सा करणे अन्यायाचे होईल.

तथापि प्रत्येक परंपरा आपल्यामागे काही सवयीही ठेवून जाते. शिबिराने मागे ठेवलेली पहिली सवय म्हणजे संख्येची. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू अंधत्व नियंत्रण प्रकल्प राबविला गेला. या प्रकल्पाने जुन्या, भिंग न बसविता केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेकडून कृत्रिम भिंगाच्या शस्त्रक्रियेकडे देशाला नेले, ही त्याची मोठी कामगिरी होय. परंतु जिल्ह्याचे यश मोजण्याचे माप 'वर्षभरात झालेल्या शस्त्रक्रिया' हेच राहिले. उद्दिष्ट ठरते, मार्चअखेरीस ते गाठावे लागते आणि शिबिर हे ते गाठण्याचे साधन बनते. पदव्युत्तर विद्यार्थी या व्यवस्थेत शिरतो तो तपासणीचा वेग वाढविणारा हात म्हणून.

दुसरी सवय दातृत्वाची आहे. शिबिर 'मोफत' असते, त्याला आयोजक असतात, उद्घाटन असते, आभारप्रदर्शन असते. या वातावरणात रुग्ण हा हक्कदार न राहता लाभार्थी होतो. आणि लाभार्थ्याने प्रश्न विचारायचे नसतात. शस्त्रक्रिया कोण करणार, भिंग कोणते बसविणार, पुन्हा कोणाला दाखवायचे, हे विचारण्याचे धैर्य त्याला होत नाही. विद्यार्थ्यालाही मग ते सांगण्याची सवय लागत नाही.

या दोन्ही सवयींची किंमत किती जबर असू शकते, हे उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील घटनेने दाखविले. तेथे १९८६ मध्ये झालेल्या शिबिरात शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग होऊन अनेकांनी शस्त्रक्रिया केलेल्या डोळ्याची दृष्टी कायमची गमावली. शस्त्रक्रियेत वापरलेल्या द्रवातून हा संसर्ग झाल्याचे चौकशीत पुढे आले आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी निर्णय देताना अशा शिबिरांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांच्या काटेकोर पालनावर भर दिला. तात्पुरत्या जागेत शस्त्रक्रिया करण्याऐवजी गावात फक्त तपासणी आणि शस्त्रक्रिया कायमस्वरूपी रुग्णालयात, ही पद्धत पुढे रूढ झाली. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता. त्याचा एक अनपेक्षित परिणाम मात्र असा झाला की गावाशी येणारा डॉक्टरचा संबंध काही तासांच्या तपासणीपुरता उरला.

आकडे काय सांगतात

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतातील अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. २००६-०७ च्या सर्वेक्षणात ते १ टक्का होते. ही घट समाधानकारक आहे. परंतु दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवताना एक सावधगिरी बाळगावी लागते. २०१७ मध्ये अंधत्वाची राष्ट्रीय व्याख्या बदलली. पूर्वी ६/६० पेक्षा कमी दृष्टी म्हणजे अंधत्व मानले जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येशी मेळ घालण्यासाठी ही मर्यादा ३/६० करण्यात आली. म्हणजे पूर्वी अंध गणला जाणारा एक गट व्याख्येच्या बदलाने त्या गणनेतून बाहेर गेला. घट झाली आहे हे खरे. ती किती झाली, हे व्याख्या लक्षात घेतल्याशिवाय सांगता येत नाही. पदव्युत्तर विद्यार्थी परीक्षेसाठी हे दोन आकडे पाठ करतो. त्यांच्यामधला फरक वाचता येणे हे सार्वजनिक आरोग्याचे पहिले शिक्षण आहे.

याच सर्वेक्षणातील आणखी दोन निष्कर्ष प्रशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पन्नास वर्षांवरील व्यक्तींमधील अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के होता. म्हणजे दशकानुदशके शस्त्रक्रियांची संख्या वाढवूनही उपचार न झालेला मोतीबिंदूच पहिल्या क्रमांकावर राहिला. त्याचबरोबर, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीमुळे आलेल्या अंधत्वाचा वाटा सुमारे ७ टक्के होता. हा दुसरा आकडा अस्वस्थ करणारा आहे. जी शस्त्रक्रिया अंधत्व दूर करण्यासाठी केली जाते, तीच अंधत्वाच्या प्रमुख कारणांच्या यादीत आलेली आहे. अंधत्वाचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरापेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

पहिला आकडा न आलेल्या रुग्णाविषयी बोलतो आणि दुसरा परत गेलेल्या रुग्णाविषयी. शिबिराच्या अहवालात या दोघांनाही रकाना नसतो. मांडवात जो आला तोच मोजला जातो आणि त्याची शस्त्रक्रिया झाली की मोजणी संपते.

शिकणारा हात आणि गरिबाचा डोळा

या चर्चेला एक नाजूक बाजू आहे आणि ती टाळल्यास चिकित्सा अपुरी राहील. नेत्रशल्यचिकित्सक घडायचा तर त्याने शस्त्रक्रिया केल्याच पाहिजेत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात पुरेशा शस्त्रक्रिया स्वतःच्या हाताने करण्याची संधी मिळत नाही, ही निवासी डॉक्टरांची जुनी तक्रार आहे. २०२३ मध्ये मुंबईतील एका शासकीय रुग्णालयात याच तक्रारीवरून निवासी डॉक्टर संपावर गेले. विभागातील ज्येष्ठांनी आरोप नाकारून राजीनामे दिले. त्या वादातील खरे-खोटे ठरविणे हे या लेखाचे काम नाही. परंतु रुग्णांची एवढी मोठी संख्या असलेल्या राज्यात शिकणाऱ्याला शस्त्रक्रिया मिळत नाहीत असे म्हणण्याची वेळ यावी, हे प्रशिक्षणाच्या रचनेतील दोषाकडे बोट दाखविते.

या टंचाईत शिबिरातून आलेला रुग्ण हा सर्वांत सोयीचा ठरतो. तो गरीब असतो, मोफत उपचारासाठी आलेला असतो आणि त्याचा मोतीबिंदू पुष्कळदा पूर्ण पिकलेला असतो. येथेच नैतिक पेच उभा राहतो. पिकलेला, कठीण मोतीबिंदू काढणे हे नवख्या हाताला अवघड. म्हणजे ज्याला सर्वाधिक कुशल हाताची गरज आहे, तोच सर्वांत कमी अनुभवाच्या हाती पडण्याचा संभव असतो. कौशल्य गरिबाच्या डोळ्यावर मिळवायचे आणि त्याचा उपयोग ऐपतदारासाठी करायचा, असा व्यवहार कोणी उघडपणे मांडत नसले तरी व्यवस्था त्या दिशेला झुकलेली आहे, असे म्हणावे लागते.

यावर उपाय विद्यार्थ्याला शस्त्रक्रियेपासून दूर ठेवणे हा नाही. शस्त्रक्रियेचे टप्पे वेगळे करून एकेक टप्पा शिकविणे, प्राण्यांच्या डोळ्यांवर व सराव-यंत्रावर हात बसल्याशिवाय रुग्णाकडे न वळणे, प्रत्येक शस्त्रक्रियेवेळी अनुभवी शिक्षक शेजारी असणे, आणि शिकणारा डॉक्टर शस्त्रक्रियेत सहभागी आहे हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगणे, या गोष्टी अशक्य नाहीत. या संदर्भात तंत्राच्या निवडीचाही विचार करावा लागतो. शहरी व्यवसायात फेको यंत्राची शस्त्रक्रिया प्रतिष्ठेची आहे. परंतु लहान छेदाची, टाके न घालता हाताने करण्याची पद्धत कमी खर्चाची आहे, तिला महागडे यंत्र लागत नाही आणि पिकलेल्या मोतीबिंदूसाठी ती विशेष उपयुक्त आहे. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात या दोन पद्धतींची तुलना करणारी, ४०० रुग्णांवरील चाचणी झाली आणि तिचे सहा आठवड्यांचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही पद्धती सुरक्षित आणि परिणामकारक आढळल्या. धर्मादाय कार्य करणाऱ्या महाराष्ट्रातील रुग्णालयातून जगाला उपयोगी पडणारे ज्ञान निर्माण होऊ शकते, याचा हा दाखला आहे. सेवा आणि संशोधन यांत विरोध नसतो. सेवा मोजली गेली की तिचेच संशोधन होते.

जिल्हा निवासी कार्यक्रम : उद्दिष्टे आणि व्यवहार

२०२० मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या विनियमांत दुरुस्ती होऊन जिल्हा निवासी कार्यक्रम सक्तीचा करण्यात आला. त्यानुसार एम. डी. व एम. एस. च्या प्रत्येक विद्यार्थ्याने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा आरोग्य व्यवस्थेत काम करणे अपेक्षित आहे आणि हा कालावधी समाधानकारकरीत्या पूर्ण केल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. २०२३ च्या नव्या विनियमांतही हा कार्यक्रम कायम राहिला.

कार्यक्रमाची उद्दिष्टे वाचली असता ती निर्दोष वाटतात. विद्यार्थ्याला जिल्हा आरोग्य व्यवस्थेची ओळख व्हावी, राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमांचे जिल्हा पातळीवरील नियोजन, अंमलबजावणी, देखरेख आणि फलित त्याला समजावे, प्रतिबंधापासून पुनर्वसनापर्यंतच्या सेवांचे भान यावे आणि त्याच्या उपस्थितीने जिल्ह्याच्या सेवाही बळकट व्हाव्यात, अशी चार सूत्रे त्यात आहेत. पहिली तीन सूत्रे शिक्षणाची आहेत, चौथे मनुष्यबळाचे आहे. अडचण अशी की जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांची कमतरता असली की चौथे सूत्र पहिल्या तिन्ही सूत्रांना सहज गिळून टाकते. आलेला निवासी डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात बसतो, रात्रपाळी करतो, प्रमाणपत्रांच्या तपासण्या करतो आणि तीन महिन्यांनी नोंदवहीवर सही घेऊन परत जातो. त्याने जिल्ह्याला हात दिलेला असतो. जिल्हा मात्र त्याला दिसलेला नसतो.

नेत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याची अडचण आणखी वेगळी आहे. इतर अनेक शाखांपेक्षा त्याचे काम उपकरणांवर अधिक अवलंबून असते. स्लिट लॅम्प, डोळ्यातील दाब मोजण्याचे साधन, शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक यांतील एखादे नादुरुस्त असले तर तो 'येथे शिकण्यासारखे काही नाही' असा निष्कर्ष काढतो. हा निष्कर्ष त्याच्या आळसातून आलेला नसतो. आपल्या शिक्षणाने त्याला उपकरणातूनच रोग पाहायला शिकविले आहे. उपकरणाबाहेर उभा असलेला रोग पाहण्याची दृष्टी त्याला दिलेली नाही.

तीन महिन्यांत शिकण्याजोग्या चार गोष्टी

जिल्हा निवासाचा काळ खऱ्या अर्थाने शैक्षणिक करावयाचा तर त्यात निश्चित स्वरूपाची कामे असली पाहिजेत. महागडे उपकरण न लागणारी आणि तीन महिन्यांत पूर्ण होणारी अशी चार कामे पुढे सुचविली आहेत.

१) न आलेल्या रुग्णाचा शोध : टाळता येण्याजोग्या अंधत्वाचे शीघ्र सर्वेक्षण करण्याची जी पद्धत जगभर रूढ आहे, तिच्यात पन्नास वर्षांवरील सुमारे पन्नास व्यक्तींचा एकेक गट घेऊन घरोघरी दृष्टी तपासली जाते. पूर्वोक्त राष्ट्रीय सर्वेक्षण अशाच पद्धतीने ३१ जिल्ह्यांत झाले. उरलेल्या बहुसंख्य जिल्ह्यांना स्वतःचा असा आकडा नाही. एका विद्यार्थ्याने आशा कार्यकर्ती आणि नेत्रचिकित्सा अधिकारी यांच्यासोबत असे एक-दोन गट जरी तपासले तरी त्यातून जिल्ह्याचे प्रमाण निघणार नाही, पण कारणे कळतील. मोतीबिंदू असूनही शस्त्रक्रिया का केली नाही, असे विचारल्यावर मिळणारी उत्तरे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा बोलकी असतात. सोबत यायला कोणी नाही, सुगी आहे, एका डोळ्याने भागते, वय झाले, आता कशाला, शेजारणीचा डोळा बिघडला. यांतील 'सोबत कोणी नाही' हे कारण विधवा आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रियांना सर्वाधिक अडविते. स्त्रियांमधील अंधत्व अधिक का, याचे एक उत्तर त्या उंबरठ्यावरच मिळते.

२) परत गेलेल्या रुग्णाचा पाठपुरावा : जिल्हा रुग्णालयाच्या नोंदवहीत शस्त्रक्रिया झालेल्यांची नावे असतात. सहा ते आठ आठवड्यांनी त्यांची दृष्टी किती आहे, हे तपासणे विद्यार्थ्याला सहज शक्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार निदान ८० टक्के रुग्णांची दृष्टी त्यांच्याजवळच्या चष्म्यासह, किंवा चष्मा नसल्यास तशीच, ६/१८ किंवा त्याहून चांगली असावी आणि वाईट निष्पत्ती ५ टक्क्यांपेक्षा कमी असावी. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने २०३० साठी जे उद्दिष्ट स्वीकारले, तेही 'परिणामकारक' शस्त्रक्रियांच्या व्याप्तीचे आहे; म्हणजे किती जणांवर शस्त्रक्रिया झाली एवढे पुरेसे नाही, त्यांतील कितींना चांगले दिसू लागले हे मोजायचे आहे. देशाची मोजपट्टी उद्या बदलणार असेल तर तिची सवय आजच्या विद्यार्थ्याला झाली पाहिजे. ज्याने एकदा स्वतःच्या विभागातील अपयशांची यादी केली आहे, तो पुढे शस्त्रक्रियागृहात अधिक सावध राहतो.

३) चष्म्याचे साधे काम : दूरचे किंवा जवळचे दिसण्यातील दोष चष्म्याने जातो. शस्त्रक्रियेचे आकर्षण असलेल्या विद्यार्थ्याला हे काम कमी प्रतीचे वाटते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टिविषयक अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष आहे आणि त्यांपैकी किमान १०० कोटींचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अद्याप उपाय झालेला नाही. यांत चष्म्याअभावी अडलेल्यांची संख्या फार मोठी आहे. फळ्यावरचे न दिसणारा मुलगा 'ढ' ठरतो आणि चाळिशीनंतर सुईत दोरा ओवता न येणारी शिवणकाम करणारी स्त्री काम गमावते. शालेय तपासणीत नंबर निघालेल्या मुलांपैकी कितींना चष्मा मिळाला आणि महिन्याने किती जण तो वापरत आहेत, एवढी एक पाहणी विद्यार्थ्याने केली तरी तपासणी आणि लाभ यांतील अंतर त्याच्या लक्षात येईल.

४) बुबुळाची इजा : पन्नास वर्षांखालील व्यक्तींच्या अंधत्वाचे प्रमुख कारण पारपटलाचे, म्हणजे बोलीतील बुबुळाचे विकार हे आहे. शेतीप्रधान जिल्ह्यात उसाचे पाते, कडब्याचे धसकट किंवा मळणीच्या वेळी उडालेला कण डोळ्यात जातो. घरगुती उपाय होतात, औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणले जातात आणि साध्या ओरखड्याचा व्रण होऊन डोळ्यात 'फूल' पडते. एकदा ते पडले की उपाय नेत्ररोपणाखेरीज उरत नाही. नेपाळमधील भक्तपूर येथे झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने असे दाखविले की गावातील स्वयंसेवकांनी इजा झाल्यावर लवकरात लवकर, तीन दिवस, क्लोरम्फेनिकॉलचे साधे मलम लावले तर व्रण जवळजवळ टाळता येतो. काही रुपयांचे मलम आणि वेळेवर उचललेले पाऊल यांनी जे साधते, ते पुढे लाखो रुपयांचे रुग्णालयही साधू शकत नाही. आशा कार्यकर्तीला हे शिकविणे, हे नेत्रतज्ज्ञाचे काम आहे की नाही? आजच्या अभ्यासक्रमात त्याचे उत्तर संदिग्ध आहे.

संस्थात्मक दाखले

अशी रचना अशक्य आहे, असे म्हणता येत नाही. मदुराई येथे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांनी सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने शस्त्रक्रियेचा वेग, दर्जा आणि खर्च यांचा मेळ घातला आणि पुढे गावपातळीवरील दृष्टिकेंद्रे दूरसंवादाने रुग्णालयाशी जोडली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने सुमारे ५० हजार लोकसंख्येमागे एक दृष्टिकेंद्र आणि त्यावर द्वितीय स्तराचे रुग्णालय अशी पायऱ्यांची रचना उभी केली. या संस्थांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला गावापासून शिखर रुग्णालयापर्यंतची साखळी प्रत्यक्ष दिसते. महाराष्ट्रात सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने १९६९ मध्ये सुरू झालेल्या आपल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेण्याची पद्धत रुजविली. डॉक्टर होण्याआधी कुटुंबांशी ओळख व्हावी, हा त्यामागील विचार पदव्युत्तर शिक्षणालाही लागू पडतो.

तथापि या दाखल्यांचा उपयोग जपून करावा लागतो. अरविंद किंवा एल. व्ही. प्रसाद या विशिष्ट ध्येयाने उभारलेल्या संस्था आहेत. त्यांचे यश जसेच्या तसे शासकीय जिल्हा रुग्णालयात उतरत नाही. तेथील बदल्या, रिक्त पदे आणि नादुरुस्त यंत्रे ही वस्तुस्थिती आहे. त्या संस्थांकडून घ्यायचे ते इमारतीचे किंवा यंत्राचे अनुकरण नव्हे, तर गावातील प्रत्येक व्यक्तीला व्यवस्थेच्या हिशेबात धरण्याची शिस्त.

संभाव्य आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला शस्त्रक्रियाच अपुऱ्या मिळतात. त्यातील तीन महिने गावात घालविणे त्याला परवडणारे नाही. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु जिल्हा निवास सक्तीचाच आहे. प्रश्न तो कसा घालवायचा एवढाच उरतो. वर सुचविलेली कामे आठवड्यातील एका-दोन दिवसांत होऊ शकतात आणि घरोघरी सापडलेला मोतीबिंदू शेवटी जिल्हा रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातच येतो. तेथे अनुभवी शल्यचिकित्सकाच्या देखरेखीखाली शिकण्याची सोय झाल्यास विद्यार्थ्याचे नुकसान न होता लाभच होईल.

दुसरा आक्षेप असा की सार्वजनिक आरोग्य ही स्वतंत्र विद्याशाखा आहे. प्रत्येक तज्ज्ञाला तिचे ओझे कशाला? याचे उत्तर व्यवहारात आहे. जिल्ह्यातील कार्यक्रमाचे निर्णय पुढे नेत्रशल्यचिकित्सकाच्या सल्ल्यानेच होतात. कोणती उपकरणे घ्यावीत, शिबिरे कोठे घ्यावीत, निकाल कसे नोंदवावेत, हे तोच सुचवितो. ज्याला फक्त शस्त्रक्रियागृह माहीत आहे, तो शस्त्रक्रियागृहच मागणार.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) नेत्रशिबिराने ऐतिहासिक कार्य केले असले तरी प्रशिक्षणाचे साधन म्हणून ते एकांगी आहे, ते विद्यार्थ्याला रुग्णांची रांग दाखविते, रांगेत नसलेली माणसे दाखवीत नाही.

२) शस्त्रक्रियेच्या संख्येऐवजी परिणामकारक व्याप्ती हे माप स्वीकारल्यास सेवा आणि शिक्षण यांतील विरोध कमी होईल.

३) जिल्हा निवासी कार्यक्रमाच्या नोंदवहीत उपस्थितीबरोबरच एक घरोघरी पाहणी, एक पाठपुरावा, चष्म्याच्या वापराची एक पडताळणी आणि आशा कार्यकर्तींचे एक प्रशिक्षण यांची नोंद आवश्यक केली जावी व तिचे मूल्यमापन मूळ महाविद्यालयाच्या नेत्र आणि जनआरोग्य या दोन्ही विभागांनी मिळून करावे.

४) प्रशिक्षणार्थीकडून होणाऱ्या शस्त्रक्रियेत अनुभवी शिक्षकाची उपस्थिती आणि रुग्णाला त्याची स्पष्ट कल्पना, या दोन अटी मोफत उपचाराच्या रुग्णालाही तितक्याच काटेकोरपणे लागू झाल्या पाहिजेत.

यांतील चौथ्या निष्कर्षाला प्राधान्य द्यावे लागेल, कारण त्यासाठी नवा निधी वा नवा विनियम लागत नाही. काळा चष्मा लावून गाडीतून उतरणाऱ्या आजीला आपल्या डोळ्यावर कोणी शस्त्रक्रिया केली आणि दुखले तर कोणाकडे जायचे, एवढे सांगता आले, तर त्या गावातील पुढचा रुग्ण मांडवापर्यंत येण्याची शक्यता वाढते. प्रशिक्षणार्थी नेत्रतज्ज्ञाच्या समाजसेवेची परीक्षा त्या पुढच्या रुग्णाच्या येण्यावरच व्हावी लागेल.